कोयता ताब्यात होता

"पोलीस खात्यातल्या गमतीजमती लिहा," असं या दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं. गमती पुष्कळ आहेत. चोरीची शेळी जप्त करून ठाण्याच्या आवारात बांधली, तिनं तिथंच दोन करडं दिली आणि आता हा वाढीव मुद्देमाल कुठल्या खात्यात दाखवायचा म्हणून आमचे हवालदार डोकं धरून बसले, असल्या गोष्टी मी नातवंडांना सांगते. पण माझं स्वतःचं काम गमतीचं नव्हतं. एखादी बाई पदर तोंडाला लावून ठाण्यात आली आणि समोरच्या पुरुषाला काही सांगेना, की आतून फौजदार ओरडायचे, "बाईंना बोलवा रे." त्या बाई म्हणजे मी. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, जिथे बदली होईल तिथे मी ह्याच कामाला. तेव्हा लिहायचं तर तेच लिहिते. वाचून चकलीची चव गेली तर मला बोल लावू नका.

बाहेरच्या माणसाला वाटतं, बाईनं सांगायचं, पोलिसांनी लिहायचं, आरोपीला आत टाकायचं, झालं. एवढं सरळ असतं तर काय हवं होतं. बलात्काराची फिर्याद घेतली की पहिलं बाईला डॉक्टरकडे न्यायचं. मग तिच्या अंगावरचे त्या वेळचे कपडे पंचांसमोर ताब्यात घ्यायचे, पुडकं बांधायचं, त्यावर लाखेचं सील मारायचं आणि तपासणीला पाठवायचं. आता मला सांगा, असं काही झाल्यावर कुठलीही बाई पहिलं काय करते? आंघोळ करते. कपडे धुते, नाहीतर चुलीत घालते. म्हणजे बाई स्वच्छ झाली की केस गेली.

उल्हासनगरला कॅम्पात एक सिंधी आजी सुनेला घेऊन आल्या होत्या. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूनं सुनेवर हात टाकला होता. सून भिंतीकडे तोंड करून बसलेली, बोलणं सगळं आजींचं. मी कपड्यांचं विचारलं तर म्हणाल्या, "लाती हूँ बेटी, अभी लाती हूँ." दुपारी पिशवी घेऊन आल्या. आत सलवार-कमीज धुऊन, नीळ देऊन, इस्त्री करून घडी घातलेली. मी कपाळावर हात मारला. आजी म्हणाल्या, "पानी आया था ना. फिर तो परसों आता." तिथे पाणी एक दिवसाआड यायचं. सरकारी ठाण्यात मळके कपडे कसे द्यायचे, असा त्या बिचारीचा विचार. मला त्यांच्यावर रागावताही येईना आणि हसताही येईना. ती केस कोर्टापर्यंत पोचलीच नाही.

डॉक्टरांचं आणखी वेगळं. तपासून ते एक ओळ लिहीत, की ही बाई शरीरसंबंधांना सरावलेली आहे. दोन लेकरांच्या आईच्या कागदावरसुद्धा ही ओळ. अहो, दोन लेकरं काय पोस्टानं आली? पण तीच ओळ पुढे आरोपीचे वकील कोर्टात सावकाश, शब्द न् शब्द वाचून दाखवायचे आणि बाई मान खाली घालायची. ती ओळ ऐकताना माझ्या हाताची मूठ वळायची, आणि खाकी घातलेली असल्यामुळे ती पाठीमागे न्यावी लागायची.

मग त्र्याऐंशी साली कायदा बदलला. एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यातच अत्याचार झाला होता आणि ती ओरडली नाही, तिच्या अंगावर जखमा नाहीत, म्हणून आरोपी वरच्या कोर्टातून सुटले होते. त्यावर देशभर बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कुठे हा बदल झाला. आम्हाला तो शिकवायला एक साहेब आले होते. त्यांनी फळ्यावर 'ताबा' असा शब्द लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या. म्हणाले, पोलीस असो, सरकारी नोकर असो, त्याच्या ताब्यात असलेल्या बाईवर त्यानं अत्याचार केला आणि संबंध आला हे शाबीत झालं, तर बाईनं कोर्टात एवढंच म्हणायचं की माझी मर्जी नव्हती. कोर्ट तिचं खरं धरून चालणार. मर्जी होती असं त्याचं म्हणणं असेल तर ते त्यानं शाबीत करायचं. शिक्षाही मोठी, दहा वर्षांच्या खाली नाही. शिवाय साक्ष बंद दाराआड आणि बाईचं नाव कुठे छापायचं नाही.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू. इतकी वर्षं बाईनंच सगळं शाबीत करायचं होतं, आता निदान एका जागी तरी ओझं पुरुषाच्या खांद्यावर गेलं. घरी येऊन मी यजमानांना सगळं समजावून सांगितलं. ते अंबरनाथला कारखान्यात फिटर होते, फार कमी बोलायचे. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "ताब्यात असली तर. नसली तर?" मी म्हटलं, तुम्ही जेवा.

पुढे काही वर्षांनी बदलापूरला असताना हौशी माझ्याकडे आली. हे तिचं खरं नाव नाही, कायद्यानं ते लिहिता येत नाही. तिच्या वाडीचंही नाव लिहीत नाही; बारवी धरणाच्या अंगाला डोंगराच्या कुशीत ठाकरांची पंधरावीस घरं, एवढं पुरे. हौशी विशीच्या पुढची, काटक, कासोटा घातलेली. सोबत तिची मावशी होती आणि मागे दाराशी तिचा घरवाला काळू. हौशीनं पदर तोंडाला लावलेला नव्हता. सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "बाय, तो जंगलचा गारड हाय ना, तेनं माजी अब्रू घेतली. लिव." माझ्या सगळ्या नोकरीत असं पहिल्याच वाक्याला सांगणारी ही एकच.

आता ह्या गार्डांची कामाची पद्धत सांगायला हवी, कारण सगळं तिथेच आहे. रानातून लाकूड तोडणं गुन्हा. ठाकरांच्या बायका मोळी करून बदलापूर गावात नाहीतर खरवईच्या नव्या घरांकडे विकायला आणणार, हे सगळ्यांना माहीत. गार्डानं धरलं तर कायद्यानं गुन्हा नोंदवायचा, बाईला कचेरीत न्यायचं, दंड करायचा. पण एवढी लिखापढी कोण करतो? गार्ड सरळ तिचा कोयता काढून घ्यायचा आणि सांगायचा, "संध्याकाळी चौकीवर ये, मग देतो." बाई जायची. एखादी कोंबडी द्यायची, चौकी सारवून द्यायची, पाणी भरून द्यायची आणि कोयता घेऊन यायची. कोयत्याशिवाय ठाकराच्या बाईचं पान हलत नाही. लाकूड त्यानंच, गवत त्यानंच, शेतावर मजुरीला गेली तरी तोच. तो हातात नसला तर दुसऱ्या दिवशी चूल पेटणं अवघड. म्हणून कोयता जिथे जाईल तिथे बाई जाते. धरून न्यावं लागत नाही.

हौशी अशीच गेली. कोंबडी नेली होती. गार्डानं कोंबडी ठेवून घेतली, कोयता भिंतीला टांगलेला होता तो दिला नाही आणि दार लावून घेतलं. पुढचं तिनं मला सगळं सांगितलं, ते मी लिहून घेतलं, इथे परत लिहिण्याची गरज नाही. निघताना त्यानं तिला कोयता दिला. तो ती घेऊन आली आणि माझ्या टेबलावर ठेवला.

फौजदार साहेबांनी काम चोख केलं, हे मी मुद्दाम सांगते. गार्डाला अटक झाली. त्याच्या खात्यानं त्याला निलंबित केलं. त्यानंही संबंध नाकारला नाही, राजीखुशीचा होता म्हणाला. म्हणजे कायद्यात सांगितलेलं पहिलं शाबीत झालंच होतं. गार्ड सरकारी नोकर. बाई सांगायला तयार. मला वाटलं, साहेबांनी फळ्यावर रेघा मारल्या त्या हिच्यासाठीच.

खटला उभा राहायला वर्षं गेली. तोपर्यंत हौशी रानात जात होती, कारण तो निलंबित होता. समन्स घेऊन मी वाडीवर जायची तेव्हा ती मला एकच विचारायची, "बाय, तो परत नाय ना येनार आमचे रानात?" तिला त्याला फाशी व्हावी असं नव्हतं, पैसे हवेत असं नव्हतं. तो त्या चौकीत परत येऊ नये आणि तिला रानात जाता यावं, एवढीच तिची केस होती. मी तिला सांगितलं, "तू घाबरू नकोस. कोर्टात फक्त म्हण, माझी मर्जी नव्हती. बाकी कायदा बघेल." तिनं ते तीनतीनदा म्हणून दाखवलं. मावशी हसायला लागली, म्हणाली, "झोपंत बी बडबडते बग."

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण शहाण्याला दुसरी पायरी कुठली असते ते कोणी सांगत नाही. सेशन कोर्टात आम्ही सकाळपासून व्हरांड्यात बसलो. पुकारा झाला, आत गेलो, आणि न्यायाधीश साहेबांनी नव्या कायद्याप्रमाणे हुकूम दिला, साक्ष बंद दाराआड होईल, संबंध नसलेल्यांनी बाहेर जावं. पट्टेवाल्यानं पहिलं कोणाला बाहेर काढलं असेल तर मावशीला. हौशीनं तिच्या लुगड्याचं टोक धरून ठेवलं होतं ते सोडवावं लागलं. बंद दाराआत उरले कोण? न्यायाधीश, दोन वकील, त्यांचे दोन मदतनीस, शिरस्तेदार, टंकलेखक, पट्टेवाला, पिंजऱ्यात आरोपी. सगळे पुरुष. मला महिला पोलीस म्हणून दाराशी उभं राहू दिलं, पण तोंड उघडायची मला मुभा नव्हती. तिची लाज राखायला दार लावलं आणि तिचं माणूस तेवढं दाराबाहेर गेलं. कायदा करणाऱ्यांच्या मनात हे नव्हतं, मला माहीत आहे.

तरीही हौशी बोलली. सरकारी वकिलांनी विचारलं तसं सगळं सांगितलं आणि शेवटी मोठ्यानं म्हणाली, "माजी मर्जी नवती." 

मग आरोपीचे वकील उठले. आवाज चढवणारे नव्हते ते, फार सभ्य माणूस. हौशीला 'तुम्ही' म्हणाले. तिला आयुष्यात कोणी 'तुम्ही' म्हटलं नसेल.

"तुम्ही चौकीवर कशा गेलात?"

"चालत."

"कोणी धरून नेलं?"

"नाय. कोयता त्याच्याकडं व्हता."

"गार्डानं तुम्हाला अटक केली असं सांगितलं का? गुन्हा लिहिला? अंगठा घेतला?"

"नाय. लिवत नाय ते. कोयता घेतात."

"दुपारी कोयता घेतला आणि तुम्ही संध्याकाळी गेलात. मधल्या वेळात कुठे होतात?"

"घरी. भात रांदला."

"म्हणजे तुम्हाला जायला-यायला मोकळीक होती."

हौशीनं माझ्याकडे बघितलं. मोकळीक म्हणजे काय ते तिला कळलं होतं, पण ह्याला कोयत्याचं कसं समजावायचं ते तिला कळेना. शेवटी ती म्हणाली, "कोयता नसंल तर मोकळं राहून काय करू?" टंकलेखकानं साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी मानेनंच सांगितलं, हे घेऊ नका, हे प्रश्नाचं उत्तर नाही.

मग काळूवर आले. "तुमचं काळूशी लग्न झालंय?" नाही झालेलं. ठाकरांमध्ये पोरगा-पोरगी एकमेकांना पसंत पडली, घरच्यांनी हो म्हटलं, की एकत्र राहतात. लग्नाचा खर्च जमेल तेव्हा लग्न लागतं. कित्येकदा लेकरं आईबापाच्या लग्नात नाचतात, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. हौशी काळूच्या आधी दुसऱ्याबरोबर राहिली होती, तो वीटभट्टीवर गेला तो परत आलाच नाही. तिनं हेही सरळ सांगून टाकलं. लपवायचं असतं हेच तिला ठाऊक नव्हतं. वकिलांनी दोन्ही उत्तरं नीट उतरवून घ्यायला लावली आणि मग डॉक्टरांची ती ओळ वाचली. कायदा बदलला तरी बाईच्या चालचलणुकीवर विचारायची सोय तशीच ठेवलेली होती. एका दारानं चोर बाहेर काढायचा आणि मागचं दार उघडं ठेवायचं, असला प्रकार.

निकालाच्या दिवशी मी हौशी, मावशी आणि काळूला घेऊन गेले. न्यायाधीश साहेब वाईट नव्हते. त्यांनी निकालात लिहिलं की ही बाई खोटं बोलते असं म्हणवत नाही. पण नवा कायदा लागू व्हायला बाई आरोपीच्या ताब्यात असायला हवी. इथे तिला अटक नाही, नोंद नाही, पहारा नाही. ती आपल्या पायानं गेली. ताब्यात होता तो कोयता, फिर्यादी नव्हे. तेव्हा नव्या कायद्याचा फायदा तिला देता येत नाही. मग जुन्याच मापानं मोजायचं. जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, लग्नाशिवाय राहण्याची पद्धत. संशयाचा फायदा देऊन आरोपीला निर्दोष सोडण्यात येत आहे.

मी ते तीनदा मनात घोळवलं. गार्डानं कायदा पाळून तिच्यावर केस केली असती, तर ती ताब्यात आली असती आणि कोर्टानं तिचा शब्द मानला असता. त्यानं कायदा मोडून कोयता काढून घेतला, म्हणून तो सुटला. सरकारी वकिलांना मी व्हरांड्यात विचारलं, "साहेब, हे कसं काय?" ते फाइल बांधत होते. म्हणाले, "बाई, वर अपील करा म्हणून मी लिहीन. पण वाचलात ना, निकालात चूक काढायला जागा नाही." अपील झालं नाही.

हौशीला मीच सांगितलं. ती खाली बसली होती, मावशीनं तिच्या पाठीवर हात ठेवला होता. मी म्हटलं, तो सुटला; कोर्ट म्हणतं, ताब्यात कोयता होता, तू नव्हतीस. तिनं कायद्याचं काही विचारलं नाही. "मंग तो परत येनार?" एवढंच म्हणाली. मी हो म्हटलं, कारण खोटं बोलून काय मिळणार होतं. काळूनं आमच्याकडे पाठ केली आणि व्हरांड्याच्या कठड्याला धरून उभा राहिला.  

तो परत आला. निर्दोष सुटलेल्या सरकारी माणसाला त्याची जागा परत द्यावीच लागते, आणि त्याला मागचा पगारही मिळाला. त्यानंतर हौशी रानात गेली नाही. खरवईला तेव्हा बिल्डिंगींची कामं जोरात होती, तिथे ती विटा वाहायला लागली. मला रस्त्यात दिसायची. पहिल्यांदा थांबायची, मग नुसती मान हलवायची, मग न बघितल्यासारखं करून पुढे जायला लागली. तिचं काही चुकलं नाही. काळूबरोबर तिचं लग्न लागलंच नाही. तो दुसऱ्या वाडीत निघून गेला असं मावशीनं सांगितलं, कारण काय ते मी विचारलं नाही.

त्यानंतरही मी खूप फिर्यादी लिहिल्या. काही जणांना शिक्षा झाल्या, नाही असं नाही. पण फळ्यावरच्या त्या शब्दाखालच्या दोन रेघा माझ्या डोक्यातून गेल्या नाहीत. कोणी बाई आली की मी आधी मनातल्या मनात बघायची, ही ताब्यात होती का. घरात होती, शेतात होती, गिरणीत होती, नवऱ्याच्या मित्राच्या खोलीत होती. ताब्यात कोणीच नसायची. सगळ्या आपल्या मोकळ्या.

नोकरी संपत आली होती तेव्हाची गोष्ट. एक दिवस सकाळी ठाण्याच्या पायऱ्यांवर गडबड ऐकू आली. बाहेर जाऊन बघते तर एक ठाकरीण डोक्यावर मोळी घेऊन पुढे, आणि मागे जंगल खात्याचा एक तरुण गार्ड. नवीनच आलेला, ओठावर मिशीसुद्धा नीट फुटलेली नव्हती. त्याच्या हातात तिचा कोयता. ठाण्यात शिरताच तो मला म्हणाला, "बाई, तुम्ही तरी हिला समजवा. मी म्हटलं, कोयता घे आणि जा, परत तोडू नको. तर जातच नाही. म्हणते, केस कर. आमच्या कचेरीत चल म्हटलं तर तिथेही येत नाही. म्हणते, पोलीस ठाण्यात लिहा. माझं काय चुकलं हो?"

मी बाईला विचारलं, "का गं? कोयता देतोय तर घे की. दंड भरायची हौस आली का?"

तिनं मोळी भिंतीला टेकवली आणि घाम पुसला. "आमचे वाडीत तसंच ठरलंय बाय. गारडानं पकडला तर म्हनायचं, मना पकड, नाव लिव. नुसता कोयता घेऊ द्यायचा नाय. हौशीनं सांगितलंय सगल्यांना."

गार्डाला काही कळेना, तो एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. त्या पोराच्या मनात पाप नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण ती त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती. माझ्या टेबलासमोर उकिडवी बसली आणि मी कागद ओढेपर्यंत हलली नाही. मी लिहायला लागले. नाव, बापाचं नाव, वाडी, सागाच्या फांद्यांची मोळी एक, कोयता एक.

तिला वाचता येत नव्हतं. पेन कुठे फिरतंय तिकडे ती डोळे लावून बसली होती. मी थांबले तशी म्हणाली, "कोयता लिवलास. मी ताब्यात हाय, असं लिवलं का?"

मी म्हटलं, "लिहिते." आणि लिहिलं. ते वाचून दाखवल्यावर तिनं पाय पसरले, भिंतीला पाठ टेकवली आणि प्यायला पाणी मागितलं.